गालाचे ऋण

नागपूरहून मूलला येणाऱ्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत अलीकडे एक जाहिरात वारंवार दिसते. बसलेली गालफडे भरून देऊ, चेहऱ्याला उठाव आणू, असे आश्वासन तीत असते. वरच्या ओठाच्या आत, हिरडीच्या वरच्या बाजूस एक छेद घेतात, गालाच्या हाडावरचे आवरण सोडवून तेथे पोकळी करतात आणि तीत सिलिकोनचा किंवा सच्छिद्र पॉलिएथिलीनचा आकार दिलेला तुकडा बसवतात. टाके तोंडाच्या आत पडत असल्यामुळे बाहेरून व्रण दिसत नाही. या तुकड्याला 'चीक इम्प्लांट' म्हणतात.

अशी जाहिरात घरात कोणी मोठ्याने वाचली, की वडीलधारी मंडळी मान हलवतात. देवाने दिलेले तोंड काय वाईट होते, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न गैर नाही. परंतु तो जाहिरातीपुरता आहे. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास जाहिरातीहून फार जुना असून त्याचा एक मोठा अध्याय महाराष्ट्रात, पुण्याजवळ, घडला आहे. त्यातील काही पाने तर आपल्या या झाडीपट्टीतली आहेत. या इतिहासात गाल प्रथम येतो तो दाता म्हणून. घेणारा म्हणून तो फार उशिरा येतो. प्रस्तुत लेखात तोच प्रवास मांडायचा आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात तुटलेले कान व नाक जोडण्याच्या रीती दिल्या आहेत. कानाची पाळी नाहीशी झाली असेल, तर गालाचे मांस एका बाजूस जोडलेलेच ठेवून तेथे लावावे. नाक गेले असेल, तर त्याच्या मापाचे झाडाचे पान घेऊन तेवढी त्वचा गालाच्या बाजूने सोडवावी, मूळ तुटू देऊ नये, आणि ती नाकाच्या खरडून ताज्या केलेल्या कडांवर बसवावी. श्वासासाठी दोन नळ्या घालाव्यात, ज्येष्ठमधादी द्रव्यांचे चूर्ण भुरभुरावे, वर कापूस ठेवून तो तिळाच्या तेलाने भिजवत राहावे. गालाचे मांस घेतलेल्या कानाला तर या ग्रंथात 'गण्डकर्ण' असे स्वतंत्र नावच आहे. आंब्याचे कलम बांधणाऱ्या कोणाही शेतकऱ्याला यातले मर्म चटकन कळेल. फांदीला दुसऱ्या झाडाचा रस मिळू लागेपर्यंत ती मूळ झाडापासून तोडायची नसते. कातडीचेही तसेच आहे.

नाक आणि कान यांचीच एवढी चिंता का, असे वाटेल. लढाईतील वार हे त्याचे एक कारण, आणि शिक्षा हे दुसरे. चोराचे, बंडखोराचे, फितुराचे, संशय आलेल्या स्त्रीचे नाक कापणे ही जगातील अनेक राज्यांत चालत आलेली रीत होती. जीव घ्यायचा नाही, पण माणसांत बसण्याची सोय नाहीशी करायची, हा तिचा हेतू. 'नाक कापले गेले' हा वाक्प्रचार आपण आज सहज वापरतो. तो ज्याच्यावरून आला, त्याला घराबाहेर पडणे जड होते.

युरोपातही ही विद्या गालापासूनच सुरू झालेली दिसते. पंधराव्या शतकात सिसिली बेटावरील कातानिया शहरात ब्रांका नावाचे एक कुटुंब होते. त्यातील पिता गालाच्या त्वचेने नाक करीत असे. पुत्र आंतोनिओ याने ती त्वचा दंडावरून घेण्यास आरंभ केला, म्हणजे चेहऱ्यावर दुसरा व्रण नको. पुढे बोलोन्याच्या विद्यापीठातील प्राध्यापक गास्पारे ताल्याकोत्झी याने या दंडाच्या रीतीवर १५९७ साली व्हेनिस येथे मोठा सचित्र ग्रंथ छापला. रुग्णाचा हात कित्येक दिवस डोक्याला बांधून ठेवावा लागे. ताल्याकोत्झी १५९९ साली वारला आणि त्याची विद्या सुमारे दोन शतके जवळजवळ विस्मरणात गेली.

तिला पुन्हा जाग आली ती पुण्याच्या एका बैलहाक्यामुळे.

१७९० ते १७९२ या काळात इंग्रज, निजाम आणि पेशवे एका बाजूस व म्हैसूरचा टिपू सुलतान दुसऱ्या बाजूस, असे युद्ध झाले. इंग्रजी फौजेचे सामान वाहणाऱ्या बैलांवर कावसजी नावाचा एक माणूस होता. हे नाव कानाला पारशी वाटते; परंतु मूळ नोंदीत तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. तो टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला. शत्रूच्या फौजेला रसद पोचवतो म्हणून त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. त्या अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेत परत आला आणि पुढे कंपनी सरकारने त्याला निवृत्तिवेतन दिले. वर्षाहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले.

हा माणूस वैद्य नव्हता, हकीम नव्हता. विटा पाडणाऱ्यांच्या, म्हणजे आपण म्हणू कुंभारांच्या, जातीचा तो होता. मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेतील टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोघा इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. तिचे वर्णन आधी मद्रासच्या पत्रात आणि नंतर लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात छापून आले. ते थोडक्यात असे.

मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या भागावर दाबून त्याला चांगल्या नाकाचा आकार द्यावयाचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्याभोवती रेघ काढायची. तेवढी कपाळाची त्वचा सोडवायची, परंतु दोन भुवयांमध्ये एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवायची. तिच्यातून रक्त येत राहते. जुन्या नाकाचा व्रण खरडून काढायचा, त्याच्या मागे दोन्ही नाकपुड्यांभोवती व वरच्या ओठावरून खाच घ्यायची, कपाळाची त्वचा अर्धी पिळून खाली आणायची आणि तिची कड त्या खाचेत बसवायची. सांधा धरून राहावा म्हणून पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाचसहा पट्ट्या एकीवर एक ठेवायच्या. चार दिवस दुसरे काही नाही. मग कात काढून तुपात भिजवलेली कापडे. पहिले पाचसहा दिवस रुग्णाने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे. सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली पट्टी कापायची, की नाक स्वतःच्या पायावर उभे राहिले.

कात म्हटल्यावर मूलच्या वाचकाला वेगळे काही सांगावयास नको. आपल्या रानांत खैर आहे, आणि त्याच्या गाभ्याचा काढा आटवून केलेला कात पानाच्या तबकात सर्वांनी पाहिला आहे. त्याची तुरट ओढ रक्त थांबवते आणि वाळल्यावर तो घट्ट बसतो. टाक्यांचे काम त्या कारागिराने कातावर सोपवले होते. मेणाचे मापही तसेच. मातीला रोज आकार देणाऱ्या माणसालाच हे सुचावे, असे मला राहून राहून वाटते. मात्र सुश्रुताने गालावरून घेतलेली त्वचा येथे कपाळावरून आली आहे, हा बदल लक्षात घेण्याजोगा आहे. गालाची त्वचा ओढली, की खालची पापणी आणि ओठ ओढले जाण्याचे भय असते. कपाळाची त्वचा जाड, आणि भुवयांमधून वर चढणाऱ्या रक्तवाहिनीने चांगली पोसलेली. कोणत्या पिढीने हा बदल केला, याची नोंद ठेवण्याची त्या घराण्यांना गरज वाटली नसावी. बाप करीत असे ते मुलगा करी.

त्या वेळी पुण्यात जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची प्रसिद्ध चित्रे याचीच. त्याने शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४मध्ये, कावसजीचे चित्र काढले. म्हणजे क्रिया झाली ती १७९३च्या मार्चच्या सुमारास. चित्रात कावसजी पाहणाऱ्याकडे सरळ पाहतो आहे. पेशव्याचे चित्र काढणाऱ्या कुंचल्याने एका बैलहाक्याचे चित्र काढावे, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती. कारागिराचे चित्र मात्र कोणी काढले नाही. त्याचे नावही छापील वृत्तांतात नाही.

लंडनमध्ये हा मजकूर वाचणाऱ्यांत जोसेफ कॉन्स्टंटाइन कार्प्यू हा शस्त्रवैद्य होता. मूळ स्पॅनिश वंशाच्या कॅथलिक कुटुंबातला हा मुलगा धर्मगुरू व्हावा अशी घरच्यांची इच्छा होती, आणि त्यासाठी तो फ्रान्समधील दुए येथील महाविद्यालयात शिकला होता. पुढे तो वैद्यकाकडे वळला. पुण्याची रीत त्याने मृतदेहांवर अनेक वेळा करून पाहिली आणि योग्य रुग्णाची वाट पाहत राहिला. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने एका लष्करी अधिकाऱ्यावर ती केली. पाऱ्याच्या औषधोपचाराने त्या गृहस्थाचे नाक गेले होते. दुसरा रुग्ण लॅथम हा स्पेनमधील आल्बुएरा येथील १८११च्या लढाईत, पलटणीचे निशाण वाचवताना, तलवारीने छिन्नविच्छिन्न झालेला. कार्प्यूने १८१६ साली दोन्ही वृत्तांत पुस्तकरूपाने छापले. दोन वर्षांनी बर्लिनच्या ग्रेफेचे पुस्तक निघाले आणि हा विषय युरोपच्या विद्यापीठांत स्थिरावला. ईथरची भूल १८४६च्या ऑक्टोबरात आली. कार्प्यू त्याच वर्षाच्या आरंभी वारला होता. म्हणजे त्याचे सारे रुग्ण शुद्धीवर असतानाच सुरीखाली बसले होते. कावसजीही तसाच.

चेहरा सुंदर करून देण्याचा धंदा यानंतरचा, आणि त्याचा आरंभ फारसा अभिमानास्पद नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नाच्या गेर्सुनी याने व्हॅसलिन टोचून खळगे भरण्याची युक्ती काढली. पाहता पाहता गालांत आणि नाकांत मेण टोचणारे जागोजाग निघाले. सुरुवातीस गाल गुबगुबीत दिसे. काही वर्षांनी तेच मेण घसरून हनुवटीकडे जाई किंवा आत गाठी होऊन त्वचा कुजवी. पुढे मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकन या अमेरिकन सुंदरीचे नाक असेच बिघडले आणि आयुष्याची अखेरची वर्षे तिने लोकांपासून दूर काढली.

गालाच्या हाडाकडे शस्त्रवैद्यांचे खरे लक्ष वेधले ते पहिल्या महायुद्धाने. खंदकातून डोके वर काढणाऱ्या सैनिकाच्या चेहऱ्यावरच गोळीचा तुकडा बसे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या हॅरल्ड गिलीज यांनी अशा हजारो सैनिकांवर इंग्लंडमध्ये उपचार केले. १९१७ साली सिडकप येथे त्यांच्यासाठी खास इस्पितळ उघडण्यात आले. तेथून गावात जाणाऱ्या रस्त्यावरील काही बाके निळी रंगवली होती. त्यावर चेहरा उद्ध्वस्त झालेला माणूस बसलेला असेल, याची नागरिकांना आगाऊ कल्पना यावी म्हणून. बसलेल्या गालाखाली रुग्णाच्याच बरगडीची कूर्चा सरकवण्याचे काम गिलीज करीत. गाल आता घेणारा झाला होता. १९२७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक सोपी रीत प्रसिद्ध केली: कानशिलावर केसांत लहानसा छेद घ्यायचा, तेथून एक पट्टी आत सरकवायची आणि मोडून आत गेलेले गालाचे हाड खालून उचलायचे. मोटारसायकलवरून पडलेल्या तरुणांचे गाल आजही या रीतीने उचलले जातात.

गिलीज यांच्या हाताखाली शिकलेल्यांत डॉ. नोशीर अंतिया होते. इंग्लंडहून परत आल्यावर पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग इस्पितळात त्यांनी काम केले. कावसजीच्या नाकाची जागा पुन्हा जवळ आली म्हणावयाची. कुष्ठरोगाच्या जंतूंना शरीराचे थंड भाग मानवतात: नाक, कानाच्या पाळ्या, भुवया, गाल. नाकाच्या आतील अस्तर आणि कूर्चा झडून आकसतात, बाहेरची त्वचा मात्र शाबूत राहते. त्यामुळे नाक आत बसते. अशा वेळी कपाळाची त्वचा आणून उपयोग नाही. गिलीज यांची रीत अशी, की आतून चिकटलेले सारे सोडवायचे, मांडीच्या त्वचेचे नवे अस्तर साच्यावर गुंडाळून आत बसवायचे आणि पुढे हाडाचा आधार द्यायचा. गालातून पापणीकडे जाणारी नस रोगाने मेली, तर डोळा मिटत नाही आणि हळूहळू जातो. त्यासाठी कानशिलाच्या चावण्याच्या स्नायूची पट्टी पापण्यांपर्यंत नेतात. रुग्णाने दात आवळले, की डोळा मिटतो. रोग बरा झाल्यावर गालांची सुजलेली त्वचा सैल पडून लोंबते. तिशीतला माणूस सत्तरीचा दिसतो. ती जास्तीची त्वचा काढून चेहरा ताणून बसवणे, हेही कुष्ठरोगावरील शस्त्रक्रियेत मोडते. श्रीमंत देशांत वय लपवण्यासाठी करतात तीच ही शस्त्रक्रिया. येथे ती मजुरी मिळावी म्हणून केली जाई.

अंतिया पुढे मुंबईच्या जे. जे. इस्पितळात प्लॅस्टिक सर्जरीचे प्रमुख झाले, १९९० साली पद्मश्रीचे मानकरी ठरले आणि २००७ साली निवर्तले. विदर्भापुरते बोलायचे तर नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी या शाखेचा पाया घातला. फाटलेल्या ओठांचे व टाळूचे त्यांनी केलेले वर्गीकरण वैद्यकीय ग्रंथांत 'नागपूर वर्गीकरण' म्हणूनच ओळखले जाते.

कुष्ठरोग्याचा चेहरा आपल्या समाजाला अपरिचित नाही. संत दामियन यांचे १८८९ साली मृत्यूपूर्वी घेतलेले छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. सुजलेला कान, गाठाळलेले गाल, आणि चष्म्याआडची ती नजर. आपल्या जिल्ह्यात बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली, वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले, आणि १९६७ साली मूल तालुक्यातच सोमनाथचा प्रकल्प सुरू झाला. तेथील जंगल मोडून भाताची शेते काढणारे हात बोटे झडलेले होते, आणि चेहरे बसलेल्या नाकांचे. औषधाने जंतू मरत. परंतु बऱ्या झालेल्या माणसाला गाव ओळखे ते चेहऱ्यावरून, आणि दारातूनच परत पाठवी. प्रमाणपत्र खिशात असते, चेहरा खिशात ठेवता येत नाही. देशपातळीवर हा रोग आटोक्यात आल्याचे २००५च्या अखेरीस जाहीर झाले असले, तरी चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत नवे रुग्ण आजही सापडतात. लवकर औषध मिळाले, तर आता चेहऱ्यापर्यंत गोष्ट जात नाही.

आमच्या भागातला गाल आणखी एका कारणाने जातो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात. ती वेचायला माणसे पहाटेच रानात जातात, आणि अस्वलही त्याच वेळी त्याच झाडाखाली येते. दचकलेले अस्वल मागच्या पायांवर उभे राहून पंजा मारते ते बहुधा डोक्यावर व तोंडावर. वाघ मारतो, अस्वल पुष्कळदा माणसाला जिवंत ठेवते, पण चेहरा नेते. गालाचे हाड चुरते, डोळा जातो. गालातून तोंडात लाळ आणणारी नळी तुटली, तर जेवताना लाळ गालावरून वाहू लागते. १९७३पासून हेमलकशाला डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्यासमोर असे चेहरे येत राहिले आणि अपुऱ्या साधनांनिशी ते शिवावे लागले. जीव वाचवणे ही पहिली पायरी. हाड बसवणे, खळगा भरणे, पापणी वर उचलणे यांसाठी पुढे नागपूर गाठावे लागते. अनेकजण ते कधीच गाठत नाहीत.

गालाच्या हाडावर सौंदर्यासाठी तयार तुकडा बसवण्याची रीत १९७०च्या दशकात माद्रिदच्या हिंडरर यांच्यासारख्या शस्त्रवैद्यांनी रूढ केली. तिच्यात धोके नाहीत असे नाही: जंतुसंसर्ग होतो, तुकडा सरकतो, गालाची व ओठाची संवेदना बधिर होते. तरीही तोच तुकडा, तीच सुरी, तोच ओठाआडचा छेद अस्वलाने चुरलेल्या गालालाही लागतो. हत्यार एकच आहे.

हा पेच पोप बारावे पायस यांच्यासमोरही आला होता. ४ ऑक्टोबर १९५८ रोजी त्यांनी इटलीतील प्लॅस्टिक सर्जन मंडळींपुढे भाषण केले. त्यानंतर पाचच दिवसांनी ते देवाघरी गेले. शरीराचे सौंदर्य हे चांगलेच आहे, मात्र ते सर्वांत वरचे नव्हे, असे सांगून त्यांनी प्रत्येक शस्त्रक्रियेमागील हेतू, कारण आणि धोका तपासून पाहण्यास सांगितले. दुसऱ्याला मोहात पाडण्यासाठी किंवा गुन्हेगाराला न्यायापासून लपवण्यासाठी चेहरा बदलणे त्यांनी गैर ठरवले. सौंदर्याची इच्छा म्हणजेच पाप, असे त्यांनी म्हटले नाही. जाहिरात वाचून मान हलवणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे ऐकून थोडे आश्चर्य वाटेल.

मूलच्या बाजारात मला एक गृहस्थ भेटतात. वीस वर्षांपूर्वी अस्वलाने त्यांचा डावा गाल नेला. नागपूरला तीन वेळा शस्त्रक्रिया झाली आणि त्यांच्याच बरगडीचा तुकडा गालात बसवण्यात आला. ओळखपत्राचा फोटो काढताना छायाचित्रकाराने त्यांना तोंड जरा उजवीकडे वळवायला सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "कायले? बरगडी बी माहीच आहे." फोटो समोरूनच निघाला. थंडीत तो गाल बधिर असतो, दाढी करताना कापले तरी कळत नाही, असे ते सांगतात. मोहाच्या दिवसांत आजही पहाटे रानात जातात. मात्र एकटे नाही, आणि हातात रॉकेलचा रिकामा डबा वाजवीत.